हायड्रो पास, तरी स्प्रिंकलर नापास: आखणीपासून चाचणीपर्यंत, क्रमाने

पंपरूमच्या गेजवर ७ बार दाब दिसतो. हायड्रो टेस्टच्या (पाइपात दाबानं पाणी भरून घेतलेल्या चाचणीच्या) कागदावर तिघांच्या सह्या आहेत, पाइप लालभडक रंगवलेत. आणि दुसऱ्या तळघराच्या कोपऱ्यातला शेवटचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडला की आधी नुसती हवा फुसफुसते, मग गंजाचं तांबडं पाणी येतं आणि फायर पॅनेल ढिम्म बसून राहतं.

यामागे बहुतेक वेळा एकच घोटाळा असतो. एका चाचणीचा निकाल भलत्याच गोष्टीचा पुरावा म्हणून धरला जातो. हायड्रो टेस्ट सांधे गळत नाहीत एवढंच सांगते. शेवटच्या टोकाची चाचणी वाट मोकळी आहे आणि घंटा वाजते हे सांगते. पंपाची चाचणी पाणी पुरेसं आहे का ते सांगते. हेड, म्हणजे पाणी फवारणारं तोंड, योग्य जागी आहे की नाही, हे यातली एकही चाचणी सांगत नाही; ते आखणीतच जमलं तर जमलं.

खालचा क्रम कायम पाणी भरलेल्या यंत्रणेसाठी आहे: सोसायटीचं तळघर, ऑफिसचा मजला, एमआयडीसीतला गाळा. उंच रॅकची गोदामं, शीतगृहं आणि ज्वालाग्राही द्रवांचे साठे यांचा हिशेब निराळा. त्यांना हे आकडे लावू नका.

## टप्पा १ : रेघ ओढण्याआधी

मंजुरी कोणाची ते पाहा. घोडबंदर रोडवरच्या टॉवरला ठाणे महापालिकेचं अग्निशमन दल, वाशी-नेरूळच्या इमारतीला नवी मुंबई महापालिकेचं. पण महापे, रबाळे, पावणे इथल्या एमआयडीसीच्या भूखंडाला एमआयडीसीचा स्वतःचा अग्निशमन विभाग आहे, आणि सिडकोच्या ताब्यातल्या भागात सिडकोचा. पहिली एनओसी हातात घ्या, तिच्यातल्या अटी ओळीनं वाचा. टाकी किती लिटरची, पंप किती क्षमतेचा, स्प्रिंकलर कुठे कुठे, हे तिथेच लिहिलेलं असतं आणि डिझाइनरला तो कागद शेवटी दाखवला जातो.

एकच मानक धरा. आपल्याकडे आयएस १५१०५ (स्प्रिंकलरचं भारतीय मानक) आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४; बाहेरची कंपनी भाडेकरू असेल तर ती अमेरिकेचं एनएफपीए १३ मागते. दोन्ही चालतात, खिचडी चालत नाही. मध्यम धोक्याच्या वर्गाला (जागेत काय जळू शकतं त्यावरून वर्ग ठरतो) आपल्याकडे मिनिटाला ५ मिमी पाणी ३६० चौरस मीटरवर, म्हणजे एकाच वेळी हेडं फुटतील असं धरलेल्या जागेवर, धरतात; म्हणजे मिनिटाला १,८०० लिटर. एनएफपीएचा साधारण धोका गट २ घेतला तर ८.१ मिमी १३९ चौरस मीटरवर, म्हणजे सुमारे १,१२५ लिटर. पंप लहान बसवायची घाई असली की कोणीतरी इथले ५ मिमी आणि तिथले १३९ चौरस मीटर उचलतो आणि ६९५ लिटरवर काम भागवतो. त्या आकड्याला कुठल्याच मानकाचा आधार नाही.

पार्किंगचीही एक गोष्ट ध्यानात असू द्या: एनएफपीए १३ च्या २०२२ च्या आवृत्तीत वाहनतळ गट १ मधून गट २ मध्ये नेला आहे. जुन्या प्रकल्पाची शीट कॉपी केली तर हा बदल सुटतो.

जागेवर जाऊन माल पाहा. मंजुरीच्या वेळी गाळा इंजिनिअरिंग वर्कशॉपचा होता, आज तिथे पुठ्ठ्याचे खोके छताला टेकलेत. असं असेल तर हिशेब बदलतो. साधा माल ३.७ मीटरच्या वर किंवा थर्मोकोल, फोम, प्लास्टिक १.५ मीटरच्या वर रचत असतील तर साधारण धोक्याची गणितं तिथेच थांबवा आणि साठवणुकीचे नियम उघडा. मालकाला "माल किती उंच लावणार?" हे लेखी विचारा. तोंडी उत्तर दर दिवाळीला बदलतं.

टाकीचं उपयोगी पाणी मोजा. ड्रॉइंगवर १ लाख लिटर लिहिलेलं असतं. पण फूट व्हॉल्व्हच्या (पंपाच्या सक्शन पाइपाच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या) खालचं पाणी पंपाला मिळत नाही, वरची मोकळी जागा भरत नाही. लांबी, रुंदी आणि खरोखर उपसता येणारी खोली, एवढंच धरा. टाकी एकत्र असेल तर आधी फायरचा कप्पा भरून त्याच्या ओव्हरफ्लोवर वापराचा कप्पा भरला पाहिजे. उलटं केलं की मे महिन्यात पाणीकपात झाल्यावर पहिला फायरचाच कप्पा कोरडा पडतो.

> तपासणी: एनओसी, मानकाचं नाव, धोक्याचा वर्ग, मालाची कमाल उंची, टाकीचं उपयोगी पाणी. या पाच गोष्टी एका पानावर लिहून मालकाची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : हेड निवडणे

हेडमधल्या, उष्णतेनं फुटणाऱ्या काचेच्या नळीचा रंग म्हणजे ती फुटायचं तापमान. नारिंगी ५७ अंश, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. लाल हेड सगळीकडे ठोकून दिलं जातं, कारण दुकानात तेच मिळतं. एनएफपीएच्या तक्त्यानुसार ५७ ते ७७ अंशांचं हेड छताजवळचं तापमान ३८ अंशांच्या आत राहणार असेल तिथेच बसवायचं. ७९ ते १०७ अंशांचं ६६ अंशांपर्यंत चालतं. तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली हात धरून पाहा, ३८ कधीच मागे पडलेले असतात. तिथे पिवळं किंवा हिरवं हवं. जनरेटर रूम, हॉटेलचं स्वयंपाकघर, लाँड्री, काचेचा मोठा स्कायलाइट यांनाही तेच. एसी ऑफिसात मात्र लाल ठीक.

नळीची जाडी प्रतिसाद ठरवते. ३ मिमीची नळी लवकर फुटते, ५ मिमीची साधारण वेगानं. एकाच खोलीत दोन्ही मिसळू नका, नाहीतर आगीपासून लांबचं हेड आधी फुटून पाणी भलतीकडे पडतं.

के-फॅक्टर म्हणजे हेडच्या भोकाची पाणी सोडायची ताकद. मिनिटाला पडणारे लिटर काढायला के-फॅक्टरला दाबाच्या वर्गमूळानं गुणायचं. नेहमीचं १५ मिमीचं हेड के-८० असतं, २० मिमीचं के-११५. नूतनीकरणात दोन बॅचची हेडं मिसळली की बाहेरून फरक कळत नाही. डिफ्लेक्टरवरचा (पाणी पसरवणाऱ्या चकतीवरचा) छाप वाचा.

उघड्या छताच्या तळघरात वर तोंड केलेलं हेड बरं. पाइपातला गाळ त्यात साचत नाही आणि गाडीवर ठेवलेल्या शिडीचा धक्काही लागत नाही. खाली तोंडाचं हेड फॉल्स सीलिंगला. दोन्हींचे डिफ्लेक्टर निराळे असतात. फिटरनं खाली तोंडाचं हेड उलटं करून वर लावलं तर पाणी छतावर आदळून नुसतं ठिबकतं.

## टप्पा ३ : जागा ठरवणे

मध्यम धोक्यात एका हेडखाली जास्तीत जास्त १२ चौरस मीटर. ३.४ बाय ३.५ मीटरची जाळी घेतली तर ११.९ होतात. भिंतीपासून त्याच्या निम्मं, म्हणजे १.७ ते १.७५ मीटर. दोन हेडांत साधारण २ मीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका. आधी फुटलेल्या हेडचं पाणी शेजारच्या नळीवर उडून ती गार पडते आणि फुटतच नाही.

डिफ्लेक्टर छतापासून २५ ते ३०० मिमीच्या आत. ७५ ते १५० मध्ये ठेवलात तर सगळ्यात बरं. तळघरात मात्र ६०० मिमीचे बीम आडवे येतात. हेड बीमच्या कडेपासून ३०० मिमीच्या आत असेल तर डिफ्लेक्टर बीमच्या तळाच्या वर जाता कामा नये. ३०० ते ४५० मिमी अंतरावर तो तळापेक्षा ६५ मिमीपर्यंत वर चालतो, ९०० ते १,०५० वर २४० मिमीपर्यंत. जितकं दूर तितकं वर. बीमची खोली आर्किटेक्टच्या नव्हे, स्ट्रक्चरलच्या ड्रॉइंगवरून घ्या.

केबल ट्रे, खांब, पाइप यांच्यासाठी तिप्पट अंतराचा नियम: २०० मिमी रुंद ट्रे असेल तर हेड निदान ६०० मिमी लांब. १.२ मीटरपेक्षा रुंद डक्ट असेल तर त्याच्या खाली वेगळं हेड. हे डक्ट बहुधा स्प्रिंकलरचं ड्रॉइंग मंजूर झाल्यावर एसीवाला "फक्त जरा" सरकवतो, म्हणून डक्टचं अंतिम ड्रॉइंग आल्याशिवाय ड्रॉप (हेडपर्यंत खाली येणारे पाइपाचे तुकडे) कापू नका.

फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिमीपेक्षा जास्त असेल तर तिथेही हेडं लागतात. मालाचा माथा आणि डिफ्लेक्टर यांच्यात अर्धा मीटर मोकळा ठेवायचा. गाळ्यात ती पातळी भिंतीवर लाल पट्टी मारून दाखवा. सूचना फलक कोणी वाचत नाही, पट्टी दिसते.

यांत्रिक पार्किंग ही ठाण्यातल्या नव्या टॉवरची ठरलेली अडचण. वरच्या पाळण्यातली गाडी खालच्या गाडीवर छत्रीसारखी असते. छताचं हेड कितीही जोरात फवारलं तरी खालच्या बॉनेटवर पाणी पोचत नाही. प्रत्येक पातळीला बाजूनं फवारणारं हेड द्या, आणि पाळण्याची हालचाल पूर्ण वर-खाली करून पाहिल्यावरच पाइपाची जागा पक्की करा.

## टप्पा ४ : पाण्याचा हिशेब

इथे घाई झाली की पुढचं सगळं वाया. हिशेब शेवटच्या हेडपासून पंपाकडे करायचा असतो. पुष्कळ जण पंपापासून सुरू करतात.

एक सोपं उदाहरण घेऊ. हेडखाली १२ चौरस मीटर, मिनिटाला ५ मिमी: म्हणजे मिनिटाला ६० लिटर. के-८० हेडला त्यासाठी दाब लागतो (६० भागिले ८०) चा वर्ग, म्हणजे ०.५६ बार. एरवी तोंडी ऐकू येणारा "०.३५ बार पुरे" हा किमान आकडा आहे, त्यावर के-८० मधून ४७ लिटरच पडतात. १२ चौरस मीटरला ते कमी.

३६० चौरस मीटरमध्ये अशी ३० हेडं, म्हणून १,८०० लिटर. प्रत्यक्षात पंपाच्या जवळच्या हेडांवर दाब जास्त असल्यानं ती ६० पेक्षा जास्त सोडतात. १० ते १५ टक्के वाढ धरा, २,००० च्या पुढे जा. ६० मिनिटांची टाकी मग १,०८,००० ऐवजी १,२०,००० लिटरच्या वरची लागते.

आता घर्षण. २५ मिमीच्या सी क्लास (जाड भिंतीच्या) पाइपातून दोन हेडांचं पाणी, १२० लिटर, नेलं तर दर मीटरला सुमारे ०.०८ बार जातात. तेच ३२ मिमीमधून नेलं तर ०.०२. एक साइझ वाढवली की नुकसान चौथ्या हिश्श्यावर येतं. उलट प्रवाह दुप्पट केला की ते साडेतीनपटीच्या वर जातं. शेवटच्या रेंजवर (हेडं बसतात त्या फांदीच्या पाइपावर) दोन-तीन लांबींत पाइप एक साइझ मोठा घेणं हा पंप मोठा घेण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे, आणि तरीही तो शेवटी सुचतो.

तीन चुका वारंवार दिसतात.

पहिली, पाइपाचा क्लास. हिशेबात बी क्लासचा आतला व्यास आणि साइटवर सी क्लास. २५ मिमीला बी क्लासची भिंत ३.२ मिमी, सी क्लासची ४. ऐकायला फरक किरकोळ, पण घर्षण जवळजवळ एक तृतीयांशानं वाढतं.

दुसरी, फिटिंग. ५० मिमीचा एल्बो म्हणजे दीड मीटर पाइप, टी म्हणजे ३ मीटर. सॉफ्टवेअरमध्ये टी भरले आणि साइटवर वाट वळवायला चार एल्बो जास्त लागले, तर ते परत हिशेबात आले पाहिजेत.

तिसरी, फॉल्स सीलिंगला वापरायचा लवचिक होज. दिसायला दीड मीटरचा, पण समतुल्य लांबी पुष्कळदा १० मीटरहून जास्त, आणि वळणं वाढली की आणखी. कॅटलॉगमधला आकडा वळणांच्या संख्येसह वाचा. ऑफिसच्या फिट-आउटमध्ये साधा ड्रॉप काढून होज लावला की जुना हिशेब मोडतो. तो बदल मात्र कोणी डिझाइनरला कळवत नाही.

उंचीचं काय? १० मीटरला सुमारे १ बार. १०५ मीटर उंच टॉवरला वरच्या मजल्यावर पाणी नुसतं पोचवायलाच १०.३ बार जातात, वर घर्षण आणि हेडचा दाब वेगळा. त्याच रायझरवर (पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपावर) तळमजल्याचं हेड असेल तर त्याच्यावर १२ बारहून जास्त बसतात, आणि नेहमीचं हेड सुमारे १२ बारचंच असतं. झोन वेगळे करा किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावा, आणि व्हॉल्व्ह लावले तर त्यांच्यावर ठेवलेला दाब मजल्यागणिक लिहून ठेवा.

> सावध: जुन्या ड्रॉइंगमधला "२५ ला दोन, ३२ ला तीन, ४० ला पाच, ५० ला दहा हेडं" हा तक्ता छोट्या भागासाठी आणि चांगला दाब असेल तिथे ठीक. आख्ख्या तळघराला तो लावून हिशेब टाळू नका.

## टप्पा ५ : पाइप बसवणे

पाइप कापल्यावर आतली धार रीमरनं काढा. ती तशीच राहिली की २५ मिमीचा पाइप तोंडाशी २० मिमीचा होतो. टेफ्लॉन टेप फक्त बाहेरच्या आट्यांवर, पहिला आटा मोकळा सोडून. धागा-सफेद्याचा गोळा आत ढकलला तर तो हेडच्या भोकापर्यंत प्रवास करतो.

वेल्डिंगच्या कामात एक गोष्ट डोळ्यांनी पाहायलाच हवी. १५० मिमीच्या मेनमधून ६५ मिमीची फांदी काढायची असेल तर मेनला भोक पाडतात, आणि त्या भोकाची गोल चकती निघते. ती बाहेर काढली नाही तर पाइपात पडते. पाणी सुरू झालं की सरकत सरकत पुढच्या रिड्यूसरच्या (पाइप लहान होतो त्या सांध्याच्या) तोंडाला झाकणासारखी बसते. हायड्रोमध्ये ती सापडत नाही, कारण साचलेल्या पाण्याचा दाब चकतीच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. उपाय साधा आहे: प्रत्येक चकती तारेनं त्याच फांदीला टांगून ठेवायला लावा. फांद्या मोजा, चकत्या मोजा. आकडा जुळला की रंगकाम.

आधार: २५ आणि ३२ मिमीला ३.७ मीटरच्या आत, ४० च्या पुढे ४.६ मीटरच्या आत. २५ मिमीच्या रेंजवर शेवटचं हेड शेवटच्या आधारापासून ०.९ मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर पाणी सुटल्यावर ते टोक झटका खातं. केबल ट्रेला किंवा फॉल्स सीलिंगच्या तारेला पाइप टांगणं म्हणजे आधार नव्हे.

## टप्पा ६ : फ्लशिंग

ही पायरी सर्रास गाळली जाते. पंप चालू करून नळ उघडणं म्हणजे फ्लशिंग नाही. गाळ उचलायला पाण्याला वेग लागतो, सेकंदाला ३ मीटरच्या आसपास. १०० मिमीच्या पाइपाला त्यासाठी मिनिटाला सुमारे १,५०० लिटर लागतात, १५० ला ३,३०० हून जास्त. आधी जमिनीखालची मेन, मग रायझर, मग मजल्यावरची मेन, शेवटी रेंज. उलट क्रमानं केलं तर मेनमधला गाळ रेंजमध्ये भरतो.

बाहेरच्या तोंडाला गोणपाट बांधा. पहिल्या मिनिटाला त्यात वेल्डिंगचे मणी, वाळू, कधी बिडीचं थोटूकही येतं. गोणपाट उलटून पाहा, धुऊन परत बांधा. दोनदा कोरं आलं की थांबा. पाणी कुठे सोडणार हे आधी ठरवा. तळघराच्या समपला (पाणी साचायच्या खड्ड्याला) मिनिटाला ३,००० लिटरचा वेग झेपत नाही आणि ते लिफ्टच्या खड्ड्यात जातं.

टँकर किंवा बोअरवेलचं पाणी वापरणार असाल तर ते आधी टाकीत एक रात्र बसू द्या. खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यानं पाइप आतून लवकर गंजतो. जमल्यास ते टाळाच.

## टप्पा ७ : हायड्रो टेस्ट

१. हेडांच्या जागी प्लग लावा. ड्रॉपसकट. नुसत्या मेनची टेस्ट घेऊन ड्रॉप मागाहून जोडले तर ते कधीच तपासले जात नाहीत आणि सीलिंगवरचा पहिला डाग तिथेच पडतो.

२. पाणी हळू भरा, सगळ्यात वरचा एअर व्हॉल्व्ह उघडा ठेवून. घाईनं भरलं की पुढे धावणारी हवा फ्लो स्विचची (पाणी वाहू लागलं की घंटा वाजवणाऱ्या स्विचची) पाती मोडते, आणि मोडकी पाती पुढे जाऊन अडकते.

३. दाब: कामाचा दाब १०.४ बारच्या आत असेल तर १३.८ बार, त्याहून जास्त असेल तर कामाचा दाब अधिक ३.५ बार. एनओसी किंवा सल्लागार कामाच्या दाबाच्या दीडपट मागत असेल तर दोन्हींपैकी मोठा आकडा. दोन तास.

४. गेज सगळ्यात खालच्या जागी, दोन, आणि ताज्या कॅलिब्रेशनचे. गेज ३० मीटर वर लावलं तर खालच्या पाइपावर ३ बार जास्त बसतात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

५. सकाळी लवकर घ्या. गच्चीवरचा भरलेला पाइप उन्हात तापला की दाब आपोआप चढतो, आणि लहानशी गळती त्या चढीत लपून जाते. संध्याकाळी उलट, पाणी निवतं, दाब उतरतो आणि नसलेली गळती शोधत फिटर फिरतो.

काटा हळूहळू उतरतोय पण कुठेही ओल नाही, असं झालं तर आधी अडकलेली हवा आणि बंद समजलेला व्हॉल्व्ह तपासा. हवेवर दाब देत राहणं धोक्याचं आहे; पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते आणि सांधा सुटला तर स्प्रिंगसारखी सुटते.

टेस्टनंतर पाइप अर्धा रिकामा सोडून महिनाभर विसरू नका. पाणी आणि हवा एकत्र राहिली की गंज सगळ्यात जोरात चढतो. एकतर पूर्ण भरून ठेवा किंवा पूर्ण उपसून कोरडा करा.

## टप्पा ८ : हेडं बसवणे

हेडचा पाना वापरा, पाइप पाना नव्हे. फ्रेमला धरून पिळलं की नळीला दिसणार नाही असा तडा जातो. हातातून खाली पडलेलं हेड परत लावू नका. हेडांची खोकी साइटच्या तापलेल्या कंटेनरमध्ये ठेवू नका. नळीवरचं प्लास्टिकचं टोपण सगळं काम झाल्यावर काढायचं असतं. पण काढायचं असतं. ताबा दिलेल्या इमारतींत ते तसंच राहिलेलं दिसतं.

रंग: कुठल्याही हेडवर कधीच नाही. सीलिंगमध्ये छपवलेल्या हेडवरची झाकणाची चकती सीलिंगच्या रंगात हवी असेल तर कारखान्यातून रंगवून मागवा. रंगाऱ्यानं ब्रशनं रंगवली की ती कडेनं सीलिंगला चिकटते आणि वेळेवर पडत नाही.

हेडं बसल्यावर कामाच्या दाबावर पुन्हा एकदा भरून, टॉर्च घेऊन, प्रत्येक सांधा बघत एक फेरी मारा.

## टप्पा ९ : पंप

२,८५० लिटर, ७ बारचा पंप धरू. तीन बिंदू घ्या. व्हॉल्व्ह बंद असताना दाब १४० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९.८ बारपर्यंत. पूर्ण प्रवाहावर ७. दीडपट प्रवाहावर, ४,२७५ लिटरला, निदान ६५ टक्के, म्हणजे ४.५५. मधेच काटा थरथरू लागला किंवा पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज आला तर सक्शनमध्ये हवा जातेय. पंपाला दोष देण्याआधी फूट व्हॉल्व्ह आणि टाकीची पातळी पाहा.

खरी तुलना इथे होते. तुमच्या हिशेबातला प्रवाह फ्लो मीटरवर सोडा आणि त्या वेळी रायझरच्या पायथ्याशी किती दाब उरतो ते वाचा. टप्पा ४ मधल्या आकड्यापेक्षा तो जास्त असलाच पाहिजे. ३० हेडांचं पाणी मिळेल का, याचं उत्तर देणारी चाचणी एवढीच.

पंप सुरू व्हायची उतरंड नीट लावा. मध्यम उंचीच्या इमारतीत उदाहरणार्थ जॉकी (पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप) ६.५ बारला सुरू, ७.५ ला बंद, इलेक्ट्रिक ५.५ ला, डिझेल ४.५ ला. आकडे एकमेकांना चिकटले की एका गळक्या सांध्यासाठी तिन्ही पंप धावतात. मुख्य पंप आपोआप बंद होता कामा नये. तो हातानंच बंद करायचा.

## टप्पा १० : शेवटच्या टोकाची चाचणी

टेस्ट व्हॉल्व्हला एका हेडएवढंच भोक हवं, के-८० असेल तर के-८०चं. साधा २५ मिमीचा बॉल व्हॉल्व्ह लावून पूर्ण उघडला की कितीतरी हेडांएवढं पाणी जातं, फ्लो स्विच आनंदानं वाजतो आणि सगळे खूश होतात. खऱ्या आगीत पहिलं हेड एकच फुटतं. त्या एवढ्याशा प्रवाहाला स्विच वाजला पाहिजे.

व्हॉल्व्ह उघडा, घड्याळ सुरू करा. नोंदवायच्या वेळा: हवा जाऊन स्वच्छ पाणी आलं कधी, पॅनेलवर योग्य झोन उजळला कधी, पंप सुरू झाला कधी. घंटा ९० सेकंदांच्या आत. स्विचचा विलंब ३०-४५ सेकंदांवर ठेवला तर जॉकीच्या धक्क्यानं खोटी घंटा वाजत नाही. ती वाजते म्हणून सुरक्षारक्षकानं पॅनेलच बंद ठेवल्याची उदाहरणं कमी नाहीत.

झोनचं नाव पॅनेलवर वाचा. "बेसमेंट २ पूर्व" उघडलं आणि "पोडियम" उजळला, तर वायरिंग उलटसुलट आहे. पाण्याची चाचणी पास, यंत्रणा नापास.

शेवटी रायझरचा मुख्य ड्रेन. १०० मिमी आणि वरच्या रायझरला ५० मिमीचा. बंद असतानाचा दाब लिहा, पूर्ण उघडा, स्थिर झालेला दाब लिहा. हे दोन आकडे पुढच्या प्रत्येक तपासणीचा पाया आहेत. वर्षभरानं उघडल्यावरचा दाब १० टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर वाटेत कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा काहीतरी अडकलंय.

## टप्पा ११ : ताबा आणि नंतर

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घेऊन द्यायचा. एजन्सीचा माणूस आला की कमिटीतल्या कोणीतरी सोबत उभं राहा, शेवटचा टेस्ट व्हॉल्व्ह त्याच्याकडून उघडून घ्या आणि टप्पा १० मधल्या वेळा व ड्रेनचे दोन आकडे मूळ आकड्यांशेजारी लिहा. नुसत्या सहीचा कागद घेऊ नका.

दर आठवड्याला इलेक्ट्रिक पंप १० मिनिटं, डिझेल ३० मिनिटं. पाच मिनिटांत बंद केलेलं इंजिन तापत नाही आणि बॅटरी चार्जही होत नाही.

सुटी हेडं ताब्याच्या वेळीच मागून घ्या: ३०० पर्यंत हेडं असतील तर ६, हजारापर्यंत १२, त्यावर २४, तापमान आणि के-फॅक्टरनुसार जी बसवली तीच, सोबत त्यांचा पाना. पेटी पंपरूममध्ये भिंतीला, इंजिनपासून लांब. आणि प्रत्येक मजल्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी-कुलूप, चावी पंपरूममध्ये. इंटिरिअरवाला ज्या दिवशी काम करायला येतो, त्या दिवशी कुलूप कोणी काढलं आणि संध्याकाळी परत कोणी लावलं, त्याची वही त्याच खिळ्याला.